चीनचं कडं, आमचं कपाट

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. पुरणपोळीनं अंग जड झालेलं, उन्हाळा लागलेला, म्हणून आम्ही अंगणात बाज टाकून बसलो होतो. एका कोपऱ्यात मोहफुलं वाळत घातली होती. आठ वाजायला थोडा वेळ असेल. आभाळात एक जळती रेघ उमटली, तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. कुणीतरी पेटत्या काड्यांची जुडी सावकाश ओढत न्यावी तशी. तुटता तारा पापणी लवायच्या आत विझतो, ही रेघ विझेचना. शेजारची म्हातारी हात जोडून उभी राहिली. तिच्या नातवानं मोबाइल वर धरला. आणि मी, गावचं वाचनालय चालवणारा माणूस, तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

मग कळलं की आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. पवनपारकडे एक गोळा सापडला. पोलीस आले, तहसीलचे लोक आले, काही दिवसांनी इस्रोचं पथक येऊन पाहून गेलं. चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा हा भाग असावा, असं तज्ज्ञांनी सांगितलं. पण तोवर चहाच्या टपरीवर त्याची दहा-बारा उत्तरं तयार झाली होती. एक म्हणे मिसाइल आहे, नागपूरवर नेम धरला होता, चुकला. दुसरा म्हणे आतून सोन्याचं आहे, म्हणून तर सरकारनं घाईनं उचललं. तिसऱ्याचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो: ‘‘आपल्या वावरात पडलं तं आपलं झालं. चीनवाल्यानं पावती दाखवावी अन् न्यावं.’’

त्याच आठवड्यात नववीतला एक पोरगा वाचनालयात आला. ‘‘काका, आभाळातून असं काही पडते अन् मंग काय काय होते, अशी गोष्टीची किताब हाये का जी आपल्याकडं?’’

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं. तीन लोखंडी कपाटं, एक टेबल, वर्तमानपत्रांची घोडी. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात काही मिळालं नाही. जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ सापडलं ते बालवाङ्मयाच्या कपाटात, पाठीचा पुठ्ठा सुटलेलं. दुसऱ्या एका लेखकाचा विज्ञानकथासंग्रह निघाला शेतीविषयक पुस्तकांच्या खणात, कारण तिथं ‘विज्ञान’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. चिठ्ठी माझ्याच अक्षरातली.

पोरगा चार दिवसांनी पुस्तक परत घेऊन आला. आवडलं होतं, दोनदा वाचलं म्हणाला. मग विचारलं, ‘‘पण यातले लोक समदे शास्त्रज्ञच काऊन हायेत?’’

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी विज्ञानकथांच्या पुरस्कारांच्या भानगडीत शिरलो. विषय आमच्यापासून फार दूरचा वाटेल. अमेरिकेतला ह्यूगो कुणाला मिळाला, याचं नागभीड-सिंदेवाहीच्या बसस्टँडवर कुणाला सुतक? पण पुरस्काराकडे लेखकाच्या गळ्यातला हार म्हणून न बघता वाचकाचा दाखला म्हणून बघितलं की चित्र पालटतं. कुठल्या देशानं कुणाला वाचक मानलं, ते पुरस्कार कोण देतो यावरून कळतं. आणि जो पुरस्कार देतो, त्याला आवडेल तसंच हळूहळू लिहिलं जातं.

अमेरिकेचंच घ्या. ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्गहून आलेला, रेडिओचे सुटे भाग विकणारा माणूस. त्यानं १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिक काढलं. मासिकातल्या कथा यथातथाच असायच्या, पण त्यानं एक गोष्ट फार शहाणपणाची केली: वाचकांची पत्रं छापताना खाली त्यांचे पूर्ण पत्ते छापले. वाचक एकमेकांना लिहू लागले, त्यांची मंडळं झाली, मग मेळावे. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन भरलं आणि १९५३ साली फिलाडेल्फियाच्या संमेलनात गर्न्सबॅकच्या नावानं पुरस्कार सुरू झाले. वर्गणी भरणारा कोणीही तिथं मत देतो. प्राध्यापक नको, परीक्षक मंडळ नको. लेखकांना हे पुरेसं वाटलं नाही, म्हणून त्यांच्या संघटनेनं नेब्युला काढला, तो लेखकांच्या मतांवर. ब्रिटनमध्ये आर्थर क्लार्कच्या नावाचा पुरस्कार निघाला तो परीक्षक मंडळाचा. १९८७ साली पहिल्याच वर्षी तो मार्गारेट ॲटवूडला गेला, कॅनडाच्या. या बाईंना आपल्या लेखनाला विज्ञानकथा म्हटलेलं फारसं रुचत नाही. ही अगदी ब्रिटिश गंमत. जपानमध्ये सेइउन आहे, १९७० पासून, तोही चाहत्यांच्या मतांवर.

वाचकांचं मत म्हटलं की आपल्याला लोकशाही आठवते आणि बरं वाटतं. पण मत द्यायला डॉलरमध्ये वर्गणी हवी आणि इंग्रजी वाचता यायला हवी. ‘जागतिक’ संमेलनाच्या या पुरस्कारात भाषांतरित कादंबरीला मान मिळायला २०१५ साल उजाडावं लागलं. ती लिऊ त्सिशिनची चिनी कादंबरी, केन लिऊनं इंग्रजीत आणलेली. त्याआधी साठ वर्षं जगात इतर भाषांत काही घडतच नव्हतं की काय?

घडत होतं. पोलंडमध्ये स्तानिस्लाव लेम लिहीत होता. अमेरिकी लेखकांच्या संघटनेनं त्याला १९७३ साली मानद सभासद करून घेतलं. लेमनं अमेरिकेतल्या विज्ञानकथेला बहुतांशी बाजारू कचरा म्हटलं आणि १९७६ साली ते मानद सभासदत्व काढून घेतलं गेलं. त्याहून मोठी गंमत म्हणजे ज्या एका अमेरिकी लेखकाची लेमनं तोंड भरून स्तुती केली, त्या फिलिप के. डिकनं १९७४ साली थेट एफबीआयला पत्र लिहिलं होतं, की लेम नावाचा कोणी माणूस बहुधा नाहीच, ती कम्युनिस्टांची एक समिती असावी. एकटा माणूस इतक्या वेगवेगळ्या शैलींत लिहूच शकत नाही. आमच्याकडे कडं सोन्याचं असल्याचं सांगणारा टपरीवरचा गडी मला या पत्रानंतर फारच समजूतदार वाटू लागला.

खरं शिकण्यासारखं चीनकडून आहे, आणि ते कौतुकाचं तेवढंच धास्तीचंही आहे.

चीनमध्ये १९८० च्या आगेमागे एक वाद पेटला होता. त्याला तिथल्या लोकांनी फार नेमकं नाव दिलं: या कथेचं आडनाव काय, विज्ञान की साहित्य? आडनाव विज्ञान असेल तर तिनं लोकांना शिकवलं पाहिजे, चुकीची माहिती देता कामा नये. साहित्य असेल तर तिला मोकळीक. १९८३ साली ‘मानसिक प्रदूषणा’विरुद्ध सरकारी मोहीम निघाली आणि विज्ञानकथा तिच्यात भरडली गेली. मासिकं बंद पडली. चेंगडूचं एक मासिक तेवढं तग धरून राहिलं. पुढं त्याचंच नाव ‘सायन्स फिक्शन वर्ल्ड’ झालं आणि १९८६ पासूनचा गॅलेक्सी पुरस्कार त्याच्याशीच बांधलेला आहे.

१९९९ साली चीनच्या विद्यापीठ प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेत निबंधाला विषय आला: ‘स्मरणशक्तीचं रोपण करता आलं तर’. नेमका त्याच विषयावरचा मजकूर त्या मासिकात नुकताच येऊन गेला होता. मग काय विचारता! जे आईबाप पोरांच्या हातातून हे मासिक हिसकावून घेत होते, तेच वर्गणी भरायला रांगेत उभे राहिले. मासिकाचा खप लाखांच्या घरात गेला. लिऊ त्सिशिनची ती कादंबरी २००६ साली याच मासिकातून क्रमशः आली.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून हसलो. कारण निबंधाचा हा प्रकार आपल्याला नवा आहे का? ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘परीक्षा नसत्या तर’, ‘आरसा नसता तर’, ‘मी झाड बोलतोय’. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येक माणसानं आयुष्यात एक तरी विज्ञानकथा लिहिलेली आहे, मार्कांसाठी. कल्पनाप्रधान निबंध हा आपल्याकडे सक्तीचा आहे. जगात फार थोड्या समाजांनी आपल्या पोरांना ‘असं झालं तर’ हा प्रश्न दर वर्षी, सहामाहीला आणि वार्षिकला, इतक्या नेमानं विचारला असेल. ‘शेतकरी संपावर गेला तर’ हा निबंध तर आम्ही पाठ करायचो, आणि जून २०१७ मध्ये पुणतांब्यापासून शेतकरी खरोखरच संपावर गेला.

पण आमच्या गाइडातल्या निबंधाचा शेवट आठवा. सूर्य उगवत नाही, अंधार पडतो, पिकं करपतात, हाहाकार उडतो, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘छे, छे! ही कल्पनाच नको रे बाबा! सूर्य रोज उगवतो हेच बरे!’ दहा ओळी कल्पना आणि अकराव्या ओळीत माफी. पोरांना आपण कल्पनेच्या उंबरठ्यावर नेतो आणि तिथून कान धरून परत आणतो. मार्क त्या परत येण्याला असतात.

मराठी विज्ञानकथेचं पुरस्काराशी असलेलं नातं यातूनच बघावं लागतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हाच जगभर नावाजलेले होते. नावाकडे बघून बक्षीस नको, म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं. किती देखणी गोष्ट आहे ही! जगातल्या कुठल्याही पुरस्काराच्या इतिहासात मी ती अभिमानानं सांगेन. आधुनिक मराठी विज्ञानकथेला जो जोर आला, तो इथून.

मात्र हा पुरस्कार कुणी दिला? विज्ञानप्रसाराच्या संस्थेनं. त्यात तिची काही चूक नाही. साहित्यवाले झोपलेले असताना तिनं मांडव घातला. पण मांडव ज्याचा, त्याचे रीतिरिवाज. ‘या कथेतून कोणतं विज्ञान कळलं?’ हा प्रश्न मराठी विज्ञानकथेला तेव्हापासून चिकटला तो चिकटलाच. चिनी भाषेत सांगायचं तर आपल्याकडे आडनावाचा वादच झाला नाही, जन्मदाखल्यावरच ‘विज्ञान’ लिहून मोकळे झालो. लिहिणारे बहुतेक शास्त्रज्ञ, अभियंते, डॉक्टर. कथेतले लोकही तेच. माझ्या नववीतल्या वाचकाला हे दोन वाचनांत कळलं, समीक्षकांना पन्नास वर्षांत फारसं टोचलं नाही.

याउलट एक बंगाली उदाहरण सांगतो. १८९६ साली कलकत्त्यात कुंतलीन नावाच्या केसांच्या तेलाच्या उत्पादकानं कथास्पर्धा ठेवली. कथेत तेलाचा उल्लेख यावा, पण जाहिरात वाटू नये, अशी अट. बक्षीस मिळालं ते जगदीशचंद्र बोस यांच्या कथेला. तीही निनावी छापली गेली होती. कथेत कलकत्त्यावर येणारं वादळ अचानक नाहीसं होतं, हवामान खातं बुचकळ्यात पडतं, आणि शेवटी कळतं की जहाजावरच्या एका माणसानं खवळलेल्या समुद्रात डोक्याच्या तेलाची बाटली ओतली होती. तेलानं लाटा शांत होतात याला शास्त्राचा आधार आहेच, पण कथा उभी आहे ती खोडसाळपणावर. दोन्ही स्पर्धांत जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ, दोन्हींत नाव झाकलेलं. पण तेलवाल्याला ज्ञान नको होतं, त्याला वाचक हवे होते. बंगालीत त्यानंतर विज्ञानकथेला जो विनोद, जो चावटपणा मिळाला, सत्यजित राय यांच्या प्रोफेसर शंकूपर्यंत जो वाहत आला, त्याचं सगळं श्रेय एका तेलाला देणं जास्तीचं होईल. मला तरी मोह आवरत नाही.

आपल्या साहित्यसंस्थांनी काय केलं? नारळीकरांना साहित्य अकादमी मिळाली २०१४ साली, आत्मचरित्राला. चार दशकं ज्या कथा-कादंबऱ्यांनी पोरांना आभाळाकडे बघायला लावलं, त्यांना नाही. २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, तेव्हा प्रकृतीमुळे ते मांडवात येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ ला ते गेले. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत काव्याला केशवसुतांच्या नावानं, कादंबरीला हरिभाऊ आपट्यांच्या, विनोदाला आमच्या खामगाव-जळगाव जामोदेत वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नावानं पुरस्कार आहे. शेतीला आहे, बालवाङ्मयाला प्रकारवार आहेत. विज्ञानकथेला स्वतःचा पाट नाही. ती कादंबरीच्या किंवा लघुकथेच्या पंगतीत कडेला बसते आणि बहुतेकदा वाढपी तिच्यापर्यंत पोचत नाही.

ही झाली विज्ञानकथेची गत. अद्‌भुताची याहून वाईट. नारायण धारपांची पुस्तकं आमच्या वाचनालयात सगळ्यात जास्त फाटलेली आहेत. एका प्रतीला तर मी स्वतः पिठाची खळ करून तीनदा चिकटवलंय. वाचकांनी दिलेला यापेक्षा खणखणीत पुरस्कार मला माहीत नाही. पण साहित्याच्या चर्चेत धारपांचं नाव काढलं, की समोरचा ‘हो, लहानपणी वाचायचो’ म्हणून विषय बदलतो.

आता एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. आमच्या भागात करणी-भानामतीच्या संशयावरून माणसं खांबाला बांधून मारलेली आहेत. २०१३ साली राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. माझ्या ओळखीचे एक कार्यकर्ते, तीस वर्षं गावोगाव चमत्कारांचं बिंग फोडणारे, मला म्हणाले, ‘‘तुम्ही इथं आणखी भुताच्या, राक्षसाच्या गोष्टी वाढवता? लोकांच्या डोक्यातली कमी आहेत का?’’ त्यांचा राग मला समजतो. त्यांनी जे डोळ्यांनी बघितलं, ते मी बघितलेलं नाही.

तरीही मी त्यांच्याशी सहमत नाही. करणीच्या संशयात कल्पनाशक्ती जास्त झालेली नसते, एकच कथा उरलेली असते. ढोर मेलं, पोर आजारी पडलं, तर त्याचं एकमेव स्पष्टीकरण म्हणजे अमकी म्हातारी. दुसरी कथा सुचतच नाही, म्हणून तर दगड उचलला जातो. आणि आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत, अद्‌भुताशी खेळायची रीत जुनी आहे. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, दंडार हे सोंगांचं लोकनाट्य होतं. राक्षसाचं सोंग घेऊन जो नाचतो तो कुणाचा पोरगा, त्यानं कुणाचं कर्ज बुडवलं, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. लहान पोरं किंचाळतात, म्हाताऱ्या हसतात, आणि सकाळी तोच राक्षस पानठेल्यावर उधारी मागतो. ज्या समाजाला सोंग म्हणजे काय हे कळतं, त्याला थापेबाज बाबा ओळखणं अवघड जाऊ नये. बाबा गोष्ट सांगतो आणि ती गोष्ट असल्याचं लपवतो. फसवणूक त्या लपवण्यात आहे.

झाडीपट्टीचं नाटक बघा. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम, गडचिरोलीतल्या वडशाहून निघणाऱ्या कंपन्या, शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या दिवशी रात्रभर चालणारे खेळ, तिकीट काढून थंडीत बसलेली हजारो माणसं. तिथं परीक्षक मंडळ नाही. पडलेलं नाटक दुसऱ्या गावी जात नाही, बस्स. वाचकांच्या मतांचा पुरस्कार आपल्या मातीत रुजणार नाही असं म्हणणाऱ्यांनी एक रात्र वडशाकडे काढावी, घोंगडी घेऊन.

आणि विषयांचा दुष्काळ तर विदर्भाला कधीच नव्हता. कुठल्याशा सहलीबरोबर मी एकदा लोणारला गेलो होतो. बेसाल्टच्या खडकात उल्केनं पाडलेलं, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. चंद्र-मंगळ समजून घ्यायला शास्त्रज्ञ तिथं येतात. गाइड आधी लवणासुराची कथा सांगतो: राक्षस भुयारात लपला होता, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं, राक्षसाच्या रक्तानं पाणी भरलं. गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात तीच कथा दगडात आहे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघालं. आमच्याकडे लगेच निरोप फिरले, लवणासुराचं रक्त वर आलं! यातल्या एका कथेनं दुसरी खोटी पाडायची एवढंच आपल्याला सुचतं. मराठीत लवणासुराच्या बाजूनं लिहिलेली कादंबरी का नाही? विवराच्या तळाशी वाढणाऱ्या त्या जिवांची का नाही? आपण राक्षस एका कपाटात ठेवला, उल्का दुसऱ्या कपाटात, आणि किल्ल्या दोन वेगवेगळ्या संस्थांकडे दिल्या.

तर मग मराठीचा ह्यूगो काढायचा का? नाव घ्यायची हौस नको. ह्यूगोचं काय होऊ शकतं ते २०२३ साली चेंगडूत दिसलं. जागतिक संमेलन पहिल्यांदा चीनमध्ये भरलं, आणि पुढच्या जानेवारीत मतांचे आकडे बाहेर आले तेव्हा कळलं की पुरेशी मतं मिळूनही काही नावं कारण न देता ‘अपात्र’ ठरवली होती. त्यांत आर. एफ. क्वांग आणि शिरान जे झाओ ही नावं होती, दोन्ही लेखक चिनी वंशाचे. सगळ्यांनी बोट चीनच्या सरकारकडे दाखवलं. पण फेब्रुवारीत बाहेर आलेल्या पत्रव्यवहारातून दिसलं की उमेदवारांच्या राजकीय मतांच्या नोंदी काढणारे अमेरिका-कॅनडातले संयोजक होते. चिनी वाचकांची मतंही मोठ्या संख्येनं बाद केलेली होती. राजा बोले, दळ हाले ही म्हण आपण ऐकलेली. इथं राजा बोलायच्या आधीच दळ हाललं. मतपेटी वाचकांची असली तरी मोजणारा कोण, हा प्रश्न उरतोच.

मोजणीबद्दल मी साळसूदपणा करू नये. महाराष्ट्रात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, १९६७ च्या कायद्याखालची. प्रत्येकात पुस्तकांच्या देवघेवीची नोंदवही असते. कुठलं पुस्तक किती वेळा गेलं, याची याहून चांगली मतपेटी कुठं मिळणार, असं मी एका बैठकीत आवेशानं बोलून गेलो. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, ‘‘तपासणीच्या आदल्या रात्री भरलेली नोंदवही धरायची का जी?’’ सगळे हसले. मीही हसलो, कारण एके वर्षी मी ती तशीच भरली आहे, चार रंगांच्या पेनांनी.

म्हणून माझी सूचना लहान आहे. आधी एका तालुक्यापुरतं करू. दहा वाचनालयं, प्रत्येकातले वीस वाचक, निम्मे शाळेतले. त्यांनी वर्षभरात वाचलेल्या अद्‌भुत आणि विज्ञानकथांवर मत द्यायचं, उघड्यावर, मंडईच्या दिवशी, नाव सांगून. ‘यात विज्ञान किती’ असा रकाना कागदावर नसेल. बक्षीस म्हणून तांदळाचं पोतं द्यावं, आमच्याकडे ते पिकतं. पुण्या-मुंबईच्या लेखकाला ते एसटीनं न्यावं लागेल, ही त्यातली जमेची बाजू. परीक्षक बोलावायचेच असतील तर कुंतलीन तेलवाल्यासारखा एखादा कृषी केंद्रवाला बोलवा, निदान तो भाषण लांबवणार नाही.

यंदा उन्हाळ्यात मी वाचनालयात पोरांना जमवून ‘आभाळातून कडं पडलं तर’ असा विषय दिला. अट एकच: शेवटी ‘नको रे बाबा’ म्हणायचं नाही. बऱ्याच जणांनी सवयीनं म्हटलंच. एकानं बॉम्ब फोडला, दोघांनी वाघ कड्यात अडकवला. आठवीतल्या एका मुलीनं मात्र दीड पान लिहिलं. तिच्या गोष्टीत कडं आजीच्या आंगणात पडतं. ते गरम असतं आणि गरमच राहतं, म्हणून आजी त्याच्या आत चादर अंथरून मोहफुलं वाळवते. दोन दिवसांची फुलं एका दुपारात वाळतात. सगळ्या गावाचा मोह तिथं येऊ लागतो. मग एक दिवस पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरतात, त्यांची भाषा कुणालाच कळत नाही, आणि कडं मागतात. आजी त्यांना पाणी देते, बसायला पोतं टाकते आणि म्हणते, मोह संपू द्या, मग न्या.

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, ‘‘सर, यात विज्ञान नाही ना? चालते का?’’ मागं बसलेला तो पोरगा, आता बारावी होऊन घरी बसलेला, माझ्याआधी बोलला, ‘‘कडं गरम काऊन राह्यते ते नको सांगू. पण ते लोक थांबले का नाही, ते लिही.’’

ती वही घेऊन पुन्हा लिहायला बसली.